समाजशास्त्र: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दहावीनंतर कला शाखेकडे वळणारी मुलं समाजशास्त्र हा विषय घेतात, पण तो आहे काय हे घरी सांगताना अडखळतात. खालचे प्रश्न त्यांचे आहेत. काही त्यांच्या आईवडिलांचे आहेत, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त अवघड आहेत.

हे म्हणजे शाळेतलं समाज विज्ञानच ना?

नाही. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, त्या जाड पुस्तकात इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, व्यवहार अध्ययन या गर्दीत समाजशास्त्राचाही एक लहानसा भाग असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तो वाचला जातो आणि दुसऱ्या दिवशी विसरला जातो. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, तोच भाग स्वतंत्र विषय म्हणून समोर येतो. समाजकार्य हे आणखी वेगळं. तिथे मदत कशी करायची ते शिकवतात, इथे घडतंय ते का घडतंय ते शोधतात.

आपण समाजातच राहतो, सगळं माहीतच असतं. त्यात शास्त्र कसलं?

माहीत असतं ते आपल्या घरापुरतं आणि गल्लीपुरतं. एमिल दुर्खाइम या फ्रेंच अभ्यासकाने १८९७ साली आत्महत्या हा विषय मुद्दाम निवडला, कारण माणसाच्या आयुष्यातली त्याहून खासगी गोष्ट दुसरी नाही. त्याने युरोपातल्या वेगवेगळ्या देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. त्यात दिसलं असं की मरणारी माणसं दर वर्षी वेगळी, पण एकेका देशाचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेच. शिवाय प्रोटेस्टंट लोकांत ते कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त. प्रत्येकाचं कारण फक्त त्याच्या मनात असतं तर आकड्यांत इतकी शिस्त आली नसती. माणूस आपल्या माणसांशी किती घट्ट किंवा किती सैल बांधलेला आहे, यावर बरंच काही ठरतं, असं दुर्खाइमने मांडलं.

त्याच्यावर टीकाही झाली, आणि ती आपल्याला पटकन कळेल अशी आहे. सरकारी नोंदीत मृत्यूचं कारण लिहितं कोण? आपल्याकडच्या पेपरात ‘पोटदुखीला कंटाळून’ हे शब्द किती वेळा येतात ते आठवा. घरच्यांना जे सांगायचं नसतं ते त्या पोटदुखीत जातं. आकडा हाताशी आला की तो तयार कसा झाला हेही विचारायचं, ही या विषयाची पहिली सवय.

‘समाजाचा दबाव’ म्हणतात तो असतो कुठे? आमच्यावर तर कोणी जबरदस्ती करत नाही.

आमच्याकडे यात्रेआधी वार पाळतात. वडगावच्या मंगाईच्या यात्रेआधी पाळतात, खेड्यापाड्यांत महालक्ष्मीच्या यात्रेआधी पाळतात. ठरलेल्या वारी शेतात कोणी जात नाही. असा कायदा कुठे नाही, पोलीस येत नाहीत. तुमचा देवावर विश्वास असो वा नसो, त्या दिवशी औत घेऊन निघालात तर पहिली हाक शेजारचे काका मारतील, दुसरी पंचांची असेल. म्हणून तुम्ही निघतच नाही, आणि निघत नाही म्हणून दबाव जाणवतही नाही.

दुर्खाइम अशा गोष्टींना सामाजिक तथ्य म्हणतो. त्या आपल्या जन्माआधीपासून असतात, आपल्या बाहेर असतात, आणि उलट्या दिशेने चालायला लागलं की त्यांचा जोर कळतो. त्याचंच एक उदाहरण भाषेचं आहे. देशबांधवांशी फ्रेंचमध्येच बोल अशी सक्ती माझ्यावर कोणी केलेली नाही, पण दुसरं काही करणं मला शक्यही नाही, असं तो म्हणतो. तो बेळगावात राहिला असता तर त्याला हे वाक्य थोडं बदलावं लागलं असतं. गणपत गल्लीत एक माणूस दहा मिनिटांत तीन भाषा बोलतो, आणि कोणाशी कोणती बोलायची हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. नियम मात्र पक्के असतात. चुकीच्या माणसाशी चुकीच्या भाषेत सुरुवात करून बघा, समोरच्याचा चेहरा सांगेल.

माझ्या मुलाला नोकरी लागत नाही. तो आळशी आहे हे मला माहीत आहे. यात समाज कुठून आला?

असेलही आळशी. पण आधी एक हिशेब करू.

सी. राइट मिल्स या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली एक साधा फरक सांगितला. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव बघा, त्याची कौशल्यं बघा. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर स्वभाव बघून काय उपयोग? तिथे संधींची रचनाच बिघडलेली असते. पहिली माणसाची अडचण, दुसरा सार्वजनिक प्रश्न. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात आणि बहुतेक वेळा त्याला फक्त पहिलीच दिसते. म्हणून तो स्वतःला दोष देतो, किंवा त्याचे वडील देतात.

आता तुमच्या मुलाकडे या. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकला. पुढे पीयूसी इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. अकरावीच्या पहिल्या महिन्यात वर्गात मागे बसणारी, प्रश्न न विचारणारी मुलं कोण असतात ते कुठल्याही प्राध्यापकाला विचारा. मुलगा तोच, डोकं तेच, आणि दोन महिन्यांत ‘हुशार’चा ‘साधारण’ झाला. पुढे राज्य सरकारच्या नोकरीला कन्नडची परीक्षा, पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला इंग्रजी. घरी मराठी, बाजारात कन्नड, मित्रांशी हिंदी, आजोळी कोकणी असं चार भाषांत सहज वावरणारं पोर मुलाखतीच्या खोलीत मुकं होतं. पिएर बूर्दिये हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ म्हणायचा की भाषा हेही एक भांडवल आहे, आणि भांडवलाची किंमत बाजार ठरवतो. या पोराकडे भांडवल आहे, पण त्या बाजारात ते चालत नाही.

आणखी एक गोष्ट. मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं की नोकरीची खबर अनेकदा जिवलग मित्रांकडून येत नाही, जेमतेम ओळखीच्या माणसांकडून येते. कारण जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत अर्ध्या गावाची मुलं का लागली, याचं उत्तर तिथे आधी लागलेल्या एका माणसात सापडतं. ज्या घराची ओळख गल्लीच्या बाहेर जात नाही त्या घरातल्या मुलाला जाहिरात निघाल्याचंही उशिरा कळतं.

एवढं सगळं वजा करून जो उरेल तो आळस. त्याबद्दल त्याला खुशाल बोला.

सीमाप्रश्नाबद्दल समाजशास्त्र काय सांगतं?

गाव कोणत्या राज्यात जावं हे ते सांगत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला, महाराष्ट्राने तो मानला नाही, ८१४ गावांवरचा दावा कायम आहे, आणि २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल तिथेच लागायचा. समाजशास्त्राचा प्रश्न असा की नकाशावर रेघ ओढली गेल्यावर माणसांच्या आयुष्यात काय बदललं.

आपल्याकडे त्यासाठी जणू आयता प्रयोगच झालेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा वगळून. तो कोल्हापूरला जोडला गेला. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे उचगाव, तुरमुरी. पलीकडे चंदगडची गावं. पाऊस तोच, भात तोच, देव तेच, सोयरिकी इकडच्या तिकडे. दोन सख्ख्या बहिणी, एक अलीकडे दिलेली, एक पलीकडे. त्यांची नातवंडं आज बघा. एकाच्या घरी सातबारा मराठीत, दुसऱ्याच्या घरी उतारा कन्नडमध्ये, आणि तो वाचून घ्यायला कोणाला तरी बोलवावं लागतं. एक एमपीएससीचा अभ्यास मराठीत करतो, दुसऱ्याला कर्नाटकच्या केपीएससीसाठी आधी कन्नडचा पेपर काढायचा असतो. एकाची पदवी कोल्हापूरच्या विद्यापीठाची, दुसऱ्याची बेळगावच्या. आजारी पडले किंवा लग्नाचा बस्ता बांधायचा झाला की मात्र दोघंही बेळगावातच येतात. कोणाचं भलं झालं आणि कोणाचं नुकसान, हे घराघरात वेगळं निघतं. पण कोणीही न निवडलेल्या एका तारखेने दोन बहिणींच्या नातवंडांच्या वाटा वेगळ्या केल्या, हे दोन्ही घरं शेजारी शेजारी मांडली की लगेच दिसतं.

दुसरा मुद्दा ओळखीचा. फ्रेड्रिक बार्थ या नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञाने १९६९ साली म्हटलं की दोन गटांत काय काय वेगळं आहे याची यादी करण्यापेक्षा त्यांच्यामधली रेघ कशी राखली जाते ते बघा. आपल्याकडे जेवण, सण, शेती, अगदी भांडणाची पद्धतसुद्धा दोन्ही बाजूंना सारखी. पण १ नोव्हेंबर जवळ आला की शहरात रेघ ठळक होते. एकाच तारखेला एका गल्लीत कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या गल्लीत मराठी लोकांचा काळा दिन. पाटीवरची अक्षरं मोजली जातात. २ तारखेला तेच लोक एकमेकांकडे उधारीवर माल घेतात. म्हणजे रेघ खोटी असते असं नाही. ती विशिष्ट वेळी, विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट माणसं ठळक करतात, आणि मग तिचे परिणाम अगदी खरे असतात. सीमालढ्यातल्या १९५६ आणि १९८६ च्या हुतात्म्यांच्या घरी जाऊन कोणी त्याला कल्पना म्हणू नये.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. मोर्च्यात ‘आपण सगळे मराठी’ असतो. सोयरीक ठरवताना ते ‘सगळे’ फार लवकर आटतात.

आमच्या पणजीचं माहेर कन्नड होतं, घरात आम्ही मराठी. मग आम्ही कोण?

दोन्ही असायला हरकत नाही, फक्त जनगणनेच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव लिहिता येतं.

सांगलीजवळच्या कुपवाडबद्दल ऐकून ठेवा. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांनी तिथे अभ्यास करून १९७१ साली निष्कर्ष छापले. त्या वेळी गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित घरांत मराठी, आणि थोडी तेलुगूही. शेकडो वर्षं एकत्र राहून या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत जात होतं. तरीही घरातली भाषा कोणी सोडली नव्हती, कारण ती कोण कुठला हे सांगत होती. एकमेकांसारखं होणं आणि वेगळं राहणं, दोन्ही एकाच वेळी चालू.

मामाच्या मुलीशी लग्न चालतं, चुलत बहिणीशी नाही. हे कोण ठरवतं?

या प्रश्नावर वर्गात हशा होतो आणि मग सगळे एकदम शांत होतात.

इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या पुस्तकात भारतातल्या नातेसंबंधांचे पट्टे पाडले. उत्तरेत जवळच्या रक्तात लग्न नको, दक्षिणेत जवळच्याच नात्यात ते पसंत, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. मराठी मुलखात अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी टाळतात. कर्नाटकात दोन्ही चालतात, आणि काही जातींत मामा-भाचीचंही लग्न होतं. बेळगाव बरोबर या शिवेवर आहे. एकाच गल्लीत एका घराला जे शुभ वाटतं त्यावर शेजारचं घर कानावर हात ठेवतं. दोन्ही घरं आपल्या नियमाला निसर्गाचा नियम समजतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही निषिद्ध नात्यांची यादी दिली आणि त्यातच रूढीची सवलत ठेवली.

डॉक्टर काय सांगतात तो वेगळा विषय. तो सल्ला जरूर घ्या. इथे मुद्दा इतकाच की कोणाकडे बघून लाजायचं आणि कोणाला ‘दादा’ म्हणायचं हे आपण जन्मल्यावर शिकतो, आणि शिकलो होतो हे विसरतो.

जात आता राहिली कुठे? मग तीवर इतकं का शिकवतात?

लग्नाच्या बायोडेटाचे पहिले दोन रकाने वाचा.

बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचविशीत होते. जातीचा गाभा जातीतल्या जातीत लग्न हाच आहे, बाकीच्या गोष्टी त्याभोवती येतात, असं त्यांनी मांडलं. शंभर वर्षांहून जास्त काळ उलटला, हॉटेलात एका टेबलावर बसणं सोपं झालं, आणि तो गाभा मात्र फारसा हललेला नाही. त्यांनी आणखी एक भेदक गोष्ट दाखवली होती. एका गटाने दारं लावून घेतली, बाकीच्यांनी बघून बघून आपापली दारं लावली, आणि काही जणांच्या तोंडावर ती लावली गेली.

मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. जातीवरचं त्यांचं पुस्तक १९३२ सालचं. त्यांच्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे होत्या आणि म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवासही. मराठी आणि कन्नड मुलखाचं समाजशास्त्र एकाच वर्गात तयार झालं, हे दोन्हीकडच्या मुलांना सांगितलं की गंमत वाटते. श्रीनिवासांनी ‘प्रभावी जात’ ही कल्पना दिली. गावात संख्येने मोठी, जमीन हातात, सत्तेत वाटा, अशी जात गावाचा कारभार ठरवते, मग धर्मशास्त्रात तिचं स्थान काही असो. आपल्या तालुक्यात सोसायटीचा, साखर कारखान्याचा आणि ग्रामपंचायतीचा अध्यक्ष कोण, याची यादी करा. तालुका बदलला की जातीचं नाव बदलेल.

बायकांच्या आयुष्याबद्दल काही वेगळं शिकवतात का?

वेगळं म्हणून शिकवू नये असं माझं मत आहे, पण अभ्यासक्रमात तसं प्रकरण असतं.

निपाणीच्या तंबाखूचंच घ्या. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या आंदोलनाची आठवण निघते, निघायलाच हवी. पण त्याच तंबाखूच्या धुरळ्यात वखारीत राबणाऱ्या आणि घरी दर हजार विड्यांमागे मजुरी घेऊन त्या वळणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, त्यांची आठवण कमी निघते. घरी बसून केलेलं काम असल्याने ते ‘काम’ म्हणून मोजलंच जात नव्हतं. सासू, सून, शाळेतून आलेली मुलगी, तिघी मिळून वळतात आणि मजुरी एकीच्या नावावर.

सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची प्रथा हे दुसरं उदाहरण. तिच्याविरुद्ध मुंबई प्रांताचा कायदा १९३४ साली झाला, कर्नाटकचा १९८२ साली. एवढा काळ प्रथा का टिकली? निव्वळ अंधश्रद्धा म्हणून उत्तर संपत नाही. सोडलेल्या मुली बहुतेक दलित घरांतल्या होत्या. मुलगा नसलेल्या घरात अशी मुलगी लग्न करून जात नसे, आईबापांना सांभाळी. म्हणजे जात, गरिबी, वारसा आणि म्हातारपणाची भीती एका जागी आली होती, आणि तिचा भार एका लहान मुलीवर टाकला गेला. कायद्याला यातल्या एका गोष्टीलाच हात घालता आला.

मग माणसाच्या हातात काहीच नाही का?

असं असतं तर वरच्या उत्तरातल्या बायकांनी संघटना बांधली नसती.

रचना माणसाला घडवते आणि माणसं रोजच्या वागण्यातून रचना चालू ठेवतात. वार पाळणाऱ्या गावात सगळ्यांनी एका वर्षी पाळला नाही तर वार उरत नाही. एकट्याने मोडला तर तो माणूस उरत नाही. म्हणून बदल बहुधा चारचौघांनी मिळून केला की टिकतो. कधी सत्तेतला माणूसही तो करतो. शेजारच्या कोल्हापुरात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. त्यानंतर त्या घरांतली मुलं अचानक हुशार झाली नव्हती. दार उघडलं होतं.

हे लोक अभ्यास करतात तरी कसा?

आकडे गोळा करतात, मुलाखती घेतात, आणि गावात जाऊन राहतात. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. त्यावरचं पुस्तक लिहायला १९७० मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना तिथल्या कचेरीला आग लावली गेली आणि टिपणांवर प्रक्रिया करून तयार केलेले कागद जळाले. मग त्यांनी मोठ्या प्रमाणावर आठवणीच्या आधारे पुस्तक लिहिलं. ते १९७६ साली आलं आणि आजही वाचलं जातं.

तुम्हाला आगीची वाट बघायची गरज नाही. आपल्या गल्लीतल्या वीस घरांत कोणत्या पिढीत कोण, कुठल्या माध्यमात शिकलं आणि काय काम करतं, एवढं वहीत लिहा. नावं लिहू नका. लोक सांगतात ते विश्वासाने सांगतात.

पीयूसीला हा विषय घेऊ का? पुढे काय?

पाठांतर करून गुण मिळतात म्हणून घेत असाल तर घ्या, मिळतात. पदवीला घेतलात तर पुढे एमए करता येतं, बेळगाव-धारवाडला किंवा कोल्हापूरला. शिक्षक-प्राध्यापक, ग्रामविकासाच्या संस्था, सर्वेक्षणाची कामं, पत्रकारिता अशा वाटा आहेत. स्पर्धा परीक्षांत यूपीएससीला ऐच्छिक विषय म्हणून अनेक जण निवडतात. पगार पहिल्या दिवसापासून चांगला असेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मराठी माध्यमातून येत असाल तर पहिल्या वर्षी इंग्रजी संज्ञांची एक वही घाला. प्रत्येक संज्ञेपुढे व्याख्या लिहू नका, आपल्या गावातलं एक उदाहरण लिहा. परीक्षेत व्याख्या पुस्तकातली लिहा, उदाहरण वहीतलं.